गिऱ्हाइकाची आठवण आणि नाक्याचे विस्मरण : लुप्त दुकाने व उपाहारगृहे यांविषयीच्या मराठी स्मरणलेखनाची चिकित्सा (वडखळ नाक्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

शहरातील बंद पडलेली दुकाने, उपाहारगृहे, खानावळी व पुस्तकांची दुकाने यांच्या आठवणी हा मराठी ललित लेखनाचा एक रुळलेला विषय आहे. दिवाळी अंक, वृत्तपत्रीय पुरवण्या व आत्मचरित्रे यांतून असे लेखन सातत्याने होत आले आहे. हे लेखन प्रामुख्याने बसून खाणाऱ्या, सवड असलेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीतून झाले असल्याने त्यात काम करणाऱ्यांची, उंबरठ्याबाहेर राहिलेल्यांची आणि महामार्गावरील नाक्यांची स्मृती नोंदली गेलेली नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. रायगड जिल्ह्यातील वडखळ नाक्याच्या उदाहरणाने या उणिवेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : स्मरणलेखन, स्थळस्मृती, उपाहारगृह, खानावळ, नाका, वडखळ, मौखिक इतिहास.

१. प्रस्तावना

मुंबईतील काळा घोडा परिसरातील 'वेसाइड इन' हे उपाहारगृह आज नाही. धोबीतलावावरील 'बस्तानी' २००४ च्या सुमारास बंद झाले. जहांगीर कलादालनातील 'समोवार' २०१५ मध्ये, 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ मध्ये, तर १९४८ पासून चालत आलेला 'स्ट्रँड बुक स्टॉल' २०१८ मध्ये बंद झाला. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरील 'लकी' पूर्वीच गेले होते. २०१२ मध्ये 'मॅनीज' हे पुस्तकांचे दुकानही मिटले. यांपैकी प्रत्येक घटनेनंतर आठवणींचे लेख प्रसिद्ध झाले, जुन्या गिऱ्हाइकांनी हळहळ व्यक्त केली, बिलाचे कागद व छायाचित्रे जपली गेली. या स्थळांच्या बाबतीत वास्तू गेली तरी स्मृती उरली, असे म्हणता येते.

याच काळात मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात व बाह्यवळणांत रस्त्याकडेची असंख्य हॉटेले, चहाच्या टपऱ्या व फळविक्रेत्यांच्या बैठका हलल्या किंवा नाहीशा झाल्या. पेण तालुक्यातील वडखळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे थांबून चहा घेतलेल्यांची संख्या 'वेसाइड इन'च्या गिऱ्हाइकांहून कितीतरी अधिक असणार. तरीही वडखळचा नाका मराठी स्मरणलेखनात जवळजवळ नाही. ज्या जागेशी इतक्या लोकांचा संबंध आला ती जागा आठवणीचा विषय का झाली नाही, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर नाक्याच्या सामान्यपणात शोधण्यापेक्षा स्मरणलेखनाच्या घडणीत शोधणे अधिक उचित ठरेल.

२. 'वर्णना'कडून 'आठवणी'कडे

शहराविषयीच्या मराठी लेखनाचा आरंभ आठवणींनी झालेला नाही. तो वर्णनाने झाला आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' १८६८ मधील आहे. या ग्रंथांची दृष्टी समोर असलेल्या शहराकडे आहे. बाजार, पेठा, धंदे, जाती, वाहने, देवळे या सर्वांची नोंद घेण्याची त्यांत धडपड आहे. लेखकाला काय प्रिय होते यापेक्षा शहरात काय आहे, हे सांगण्याला त्यात प्राधान्य मिळते. त्यामुळे रूक्षता येते. परंतु वर्णनाची व्याप्ती मोठी राहते.

विसाव्या शतकात, विशेषतः स्वातंत्र्योत्तर काळात, या वर्णनाची जागा आठवणीने घेतली. मध्यमवर्गीय वाचकाच्या वाट्याला आलेले स्थलांतर हे त्यामागील एक प्रमुख कारण होय. गिरगाव-दादर सोडून उपनगरांत गेलेला मुंबईकर आणि वाडा सोडून सदनिकेत गेलेला पुणेकर हे दोघे या लेखनाचे लेखकही होते आणि वाचकही. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाचा शेवट चिंतनाने होतो, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. विनोदाच्या अखेरीस चाळ जाणार या जाणिवेने येणारी कातरता ही पुढील अनेक स्मरणलेखांची स्वरपट्टी ठरली. 'हसवणूक' (१९६८) मधील 'पानवाला' व 'माझे खाद्यजीवन' या लेखांनी खाण्याच्या व दुकानाच्या विषयाला ललित लेखनात प्रतिष्ठा मिळवून दिली. पु. लं.ची निरीक्षणशक्ती अनुकरणकर्त्यांना साधली नाही. स्वर मात्र उचलला गेला.

वर्णनाकडून आठवणीकडे झालेल्या या प्रवासात लेखन अधिक जिव्हाळ्याचे झाले, पण त्याची व्याप्ती आकसली. जे लेखकाने अनुभवले तेवढेच शहर, असे समीकरण त्यातून रूढ झाले.

३. स्मरणलेखनाचे संकेत

बंद पडलेल्या उपाहारगृहावरील लेख पुरेशा संख्येने वाचले असता त्यांचे काही ठरीव संकेत लक्षात येतात. प्रथम पाटी व दर्शनी भाग यांचे चित्र येते. त्यानंतर गल्ल्यावरील मालक येतो. तो बहुधा वरून तुसडा व आतून मायाळू असतो. मग पदार्थांची नावे व आण्यांतील किंवा पैशांतील दर येतात. पुढे तेथे बसणाऱ्या नामवंतांची यादी येते. शेवटी बंद शटर आणि त्या जागी आलेले चकचकीत दुकान यांचा विरोध दाखवून लेख संपतो.

हे संकेत सर्वस्वी निरर्थक आहेत असे नाही. पदार्थाचा दर ही आर्थिक इतिहासाची सामग्री आहे. संगमरवरी टेबल, बेंटवुडची खुर्ची, भिंतीवरील सूचनांची पाटी यांची नोंद ही भौतिक संस्कृतीची नोंद होय. निसिम इझिकेल यांनी इराणी उपाहारगृहातील सूचनाफलकावरून इंग्रजी कविता रचली आणि मालकाच्या धाकाचे एक दस्तऐवजी रूप जतन झाले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी दाखविल्याप्रमाणे व्यक्तीची स्मृतीही समूहाच्या चौकटीत घडते. एकाच उपाहारगृहाविषयी अनेकांना सारखेच आठवते, याचे कारण ती चौकट सामायिक असते.

परंतु येथेच चिकित्सेची गरज निर्माण होते. या लेखनात 'काळाच्या ओघात' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. दुकान काळाच्या ओघात बंद पडले, असे म्हटले की ते कोणी, का व कोणत्या व्यवहाराने बंद केले हा प्रश्न संपतो. प्रत्यक्षात मुंबई-पुण्यातील अशा अनेक जागा पागडी पद्धतीच्या भाडेकराराशी, मालक-भाडेकरू वादाशी, वारसांच्या वाटणीशी आणि जागेच्या वाढत्या किमतीशी जखडलेल्या होत्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ज्या भाड्यात ही दुकाने तगली, त्या भाड्याचा उल्लेख स्मरणलेखात क्वचितच आढळतो. चहा स्वस्त का होता, याचे एक उत्तर जागेच्या भाड्यात होते. दुसरे उत्तर पोऱ्याच्या मजुरीत होते. पहिल्या उत्तराविषयी हे लेखन अनभिज्ञ असते. दुसऱ्याविषयी ते मौन पाळते.

४. गिऱ्हाइकाची जागा

या मौनाचे मूळ निवेदकाच्या बसण्याच्या जागेत आहे. स्मरणलेखाचा निवेदक टेबलापाशी बसलेला असतो. त्याला गल्ला दिसतो, दार दिसते, समोरचा मित्र दिसतो. भटारखाना, कपबशा विसळण्याची मोरी आणि रात्री बाकांवर झोपणारी मुले त्याला दिसत नाहीत. या साहित्याला म्हणूनच 'गिऱ्हाइकाची आठवण' असे म्हणणे सयुक्तिक होईल. ती खोटी नाही, पण एकाच खुर्चीवरून पाहिलेली आहे.

खुर्ची तीच असूनही दृष्टी वेगळी असू शकते, याचे समर्थ उदाहरण अरुण कोलटकर यांच्या कवितेत सापडते. 'काळा घोडा पोएम्स' (२००४) हा त्यांचा इंग्रजी संग्रह 'वेसाइड इन'मधील दीर्घकालीन बैठकीशी निगडित आहे. रूढ स्मरणलेखकाने येथे त्या उपाहारगृहाचे गुणगान केले असते. कोलटकरांनी नजर खिडकीबाहेर वळवली. त्यातील न्याहारीवरील दीर्घ कवितेचे केंद्र पदपथावर इडल्या घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारे बेघर लोक हे आहे. तिची न्याहारी थोडा वेळ टिकते. ती गेली की तो चौक पुन्हा रिकामा होतो. पाटी, गल्ला, छत यांपैकी काहीही नसलेले हे 'उपाहारगृह' रोज उघडते व रोज नाहीसे होते. लुप्त होणे ही येथे एकदाच घडणारी शोकघटना राहत नाही, गरिबांच्या खाण्याच्या जागेची ती नित्याची अवस्था असते. रूढ स्मरणलेखनाला हे सत्य पेलत नाही, कारण त्याला बंद होण्याची एक तारीख हवी असते.

'जेजुरी' (१९७६) मधील रेल्वे स्थानकावरील कवितांतही चहाच्या स्टॉलवरील कोवळ्या पोऱ्याला एक स्वतंत्र खंड मिळाला आहे. तो बोलत नाही. त्याने जणू मौनव्रतच घेतले आहे. गिऱ्हाइकाला पोऱ्याचे मन कळत नाही, ही मर्यादाच कोलटकर कवितेचा विषय करतात. ज्याला काही ठाऊक नाही त्याच्या वतीने बोलण्याचा आव ते आणत नाहीत. प्रवासी वाटेतील चहाच्या टपरीविषयी किती सांगू शकतो, याचे हे प्रामाणिक माप आहे.

५. उंबरठ्याबाहेरील स्मृती

गिऱ्हाइकाच्या आठवणीतील आणखी एक गृहीतक म्हणजे दुकानाचा उंबरठा सर्वांना सारखा खुला होता. इराणी उपाहारगृहांचे सामाजिक महत्त्व तेथे जातीची चौकशी न होता चहा मिळे, यात होते. गावोगावच्या हॉटेलांत मात्र दलित गिऱ्हाइकासाठी वेगळी कपबशी ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती. ज्याला स्वतःची कपबशी स्वतः विसळून बाहेर ठेवावी लागली, त्याच्या आठवणीत त्या चहाची चव कशी उतरेल?

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मचरित्राचे वाचन या संदर्भात उद्बोधक ठरते. रत्नागिरीच्या बाजाराकडे डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने चालत जाणाऱ्या बायकांच्या चित्राने त्याचा आरंभ होतो. बाजारपेठ येथे विक्रेत्याच्या बाजूने दिसते. त्या वाटेचा चढ, भूक, दमणूक, आपसांतील थट्टा यांच्यासह बाजार उभा राहतो. आईने विणलेली आयदाने गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवताना आलेला शिवाशिवीचा अनुभवही या पुस्तकात आहे. दुकानांविषयीच्या हळहळीच्या लेखांशेजारी 'आयदान' ठेवून वाचले, की कोकणातील एकाच बाजाराच्या दोन स्मृती संभवतात हे स्पष्ट होते.

श्रमाच्या स्मृतीची नोंद करण्याचे प्रयत्न मराठीच्या परिसरात झालेले आहेत. बालपणी हॉटेलातील पोऱ्यापासून अनेक कामे केलेल्या नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मधील कवितेने कामगार वस्तीला शिक्षणाच्या जागेचे स्थान दिले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी सिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात (२००४) कामगारांच्या मुलाखतींतून एक सबंध वस्ती बोलते. कोकणातून एकट्याने आलेल्या गिरणी कामगाराला जेवू घालणाऱ्या खानावळी बहुधा बायकांनी आपल्याच खोलीत चालविल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे या बायकांना संघटनेचे रूप लाभले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर या खानावळींचाही आधार तुटला. त्यांवर पाटी नव्हती, त्यामुळे त्या बंद झाल्याची बातमीही झाली नाही. त्यांची स्मृती उरली ती कोणीतरी त्या बायकांपाशी जाऊन प्रश्न विचारले म्हणून.

६. वडखळ : नाक्याची स्मृती

मुंबईहून पनवेल, पेण ओलांडून आलेला रस्ता वडखळला दुभंगतो. एक फाटा पोयनाडमार्गे अलिबागला जातो. मुख्य रस्ता नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड असा दक्षिणेकडे उतरतो. जवळच धरमतरची खाडी आहे. रस्त्याची वाहतूक वाढण्यापूर्वी मुंबईचा उतारू जलमार्गाने धरमतरला व नागोठण्याला येत असे. म्हणजे थांबणे व वाट बदलणे हा या परिसराचा जुना धर्म आहे. बोटींचा काळ ओसरला, एस.टी. व मोटारींचा आला आणि थांब्याचे महत्त्व वडखळकडे आले. १९९० च्या दशकात डोलवी येथे पोलाद कारखाना उभा राहिल्यावर मालवाहू गाड्या, कामगार व कंत्राटदार यांची त्यात भर पडली.

अशा नाक्यावरील व्यवहाराचे स्वरूप शहरी उपाहारगृहाहून भिन्न असते. गिऱ्हाईक दहा मिनिटे थांबते. त्याचे लक्ष पदार्थापेक्षा गाडीच्या भोंग्याकडे असते. बटाटावडा कागदात बांधून घेतला जातो, चहा बशीत ओतून घाईने संपवला जातो. काकडी, जांभळे, ताडगोळे, पांढऱ्या कांद्याच्या माळा विकणाऱ्या बायका गाडीच्या खिडकीशी येतात. प्रवाशाला हॉटेलाचे नाव आठवत नाही; त्याला आठवते ते 'वडखळला थांबलो होतो' एवढेच. गणेशोत्सवातील वाहनकोंडीमुळे तर कित्येकांच्या मनात वडखळ हे नाव वैतागाशीच जोडले गेले.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे यांनी १९९२ मध्ये महामार्ग, विमानतळ अशा ठिकाणांना 'अ-स्थळे' म्हटले. तेथे माणूस ओळख व इतिहास यांविना वावरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाका हे अ-स्थळ आहे काय? प्रवाशाच्या बाजूने पाहता तसे म्हणता येईल. पण पहाटे भट्टी पेटवणारा, खारेपाटातल्या गावातून टोपली घेऊन येणारी आणि रात्री शेवटच्या गाडीनंतर बाके आत घेणारा पोऱ्या यांच्यासाठी ते पूर्ण अर्थाने स्थळच होते. तेथे ओळखी होत्या, उधारी होती, भांडणे होती, सोयरिकी होत्या. ओजे यांची संकल्पना वडखळच्या संदर्भात अर्धीच लागू पडते, आणि ते अर्धेपणही गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून, किंबहुना गाडीच्या खिडकीतून, आलेले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' या कथेत कोकणातून मुंबईकडे निघालेली एस.टी. अपघाताने थांबते आणि रस्त्याकडेचा समाज एकाएकी बोलू लागतो. गाडी थांबल्याखेरीज तो समाज साहित्यात येत नाही, हेही त्या कथेतून अभावितपणे सूचित होते.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि दूरच्या प्रवाशांचा एक भाग रस्त्यावरून रुळांवर गेला. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. पुढे वडखळच्या नाक्याला वळसा घालणारे बाह्यवळण आले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्याने अलिबागच्या मोटारींना जलमार्गाचा पर्याय मिळाला. जो परिसर जलमार्ग मागे पडल्याने रस्त्यावर आला, त्याला जलमार्गाने पुन्हा अंशतः वगळावे, ही घटना लक्षणीय आहे.

बाह्यवळणाने प्रवाशांची, रुग्णांची व गावकऱ्यांचीही सोय झाली, हे नाकारता येणार नाही. धूळ, गोंगाट व अपघात यांनी भरलेल्या नाक्याचे उदात्तीकरण करणे ही गिऱ्हाइकाच्या हळहळीचीच दुसरी आवृत्ती ठरेल. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये गतकाळाची पुनःस्थापना इच्छिणारी हळहळ आणि गतकाळाचा विचार करणारी हळहळ असा भेद केला आहे. वडखळच्या संदर्भात दुसरा प्रकारच उपयुक्त आहे. नाका पूर्ववत व्हावा अशी अपेक्षा येथे नाही. तो कसा चालत होता याची नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

ही नोंद आपोआप होणारी नाही. भूसंपादनाच्या कागदांत गट क्रमांक, क्षेत्र व मोबदला यांची माहिती राहते. त्या जागेवर काय शिजत होते, कोण शिजवत होते याची राहत नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कांद्याची नोंद झाली. त्याच्या माळा घेऊन ऊन्हात उभ्या राहणाऱ्या बाईच्या जागेची नोंद कोणत्याही वहीत नाही. खारेपाटातील गावांची पिण्याच्या पाण्याची टंचाई सर्वश्रुत आहे. याच तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला पुरवले जाते. अशा भागात दिवसभर उकळणाऱ्या चहाला गोडे पाणी कोठून येत होते, ते कोण भरत होते आणि त्याचे किती पैसे पडत होते, हे प्रश्न कोणत्याही प्रवाशाच्या आठवणीत येणार नाहीत. ते विचारावे लागतील, आणि त्यांची उत्तरे देणारी माणसे आता वयस्क झाली आहेत.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. लुप्त दुकाने व उपाहारगृहे यांविषयीचे मराठी स्मरणलेखन हे मुख्यत्वे सवड, स्थिर वास्तव्य व लेखनाची सोय असलेल्या गिऱ्हाइकाचे लेखन आहे. त्याने भौतिक तपशील जपले, परंतु बंद होण्याची कारणे 'काळा'वर सोपवली आणि श्रमाला दृष्टीआड ठेवले. कोलटकरांची कविता, 'आयदान'सारखे आत्मचरित्र व गिरणगावचा मौखिक इतिहास यांनी या चौकटीबाहेर पाहण्याच्या तीन वेगळ्या रीती दाखवून दिल्या आहेत. नाका मात्र या तिन्हींच्याही कडेला राहिला. ज्याला कायमचे गिऱ्हाईक नाही, त्याला आठवणारा लेखकही मिळत नाही.

यावर उपाय म्हणून स्मरणलेखन टाकून देण्याची आवश्यकता नाही. एकोणिसाव्या शतकातील 'वर्णना'ची व्याप्ती आणि विसाव्या शतकातील 'आठवणी'चा जिव्हाळा यांचा मेळ घालणारे स्थानिक लेखन ही आजची गरज आहे. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांतून मराठी, इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हे काम करता येण्यासारखे आहे. अनेक विद्यार्थ्यांच्या घरीच नाक्यावर हॉटेल चालवलेले आजोबा, माळा विकलेली आजी किंवा गाड्यांवर क्लीनर म्हणून गेलेले काका असतील. त्यांच्याकडे जाताना पहिला प्रश्न 'तेव्हा चहा कितीला होता' हा विचारला जाईल. गिऱ्हाइकाच्या आठवणीने तो सर्वांनाच शिकवला आहे. त्यासोबत 'तेव्हा दिवसाची मजुरी किती होती' हा दुसरा प्रश्न विचारला गेला, तर या लेखनाची दिशा बदलू शकेल.